बाबांना हॉलीवूड दाखवायचंय: युनिव्हर्सल स्टुडिओचं व्हीआयपी तिकीट काढावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन अमेरिकेला जातोय, अर्व्हाइनला धाकट्या भावाकडे. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त. तरुणपणी सांगलीत फिल्म सोसायटीच्या खटपटीत असायचे. हिचकॉकबद्दल बोलायला लागले की जेवण गार होतं, अशा पंथातले. त्यांनी आधीच जाहीर केलंय, "ते डिस्ने-बिस्ने तुम्ही बघा. मला स्टुडिओ दाखवा."

युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलीवूडला जायचं हे त्यामुळे ठरलेलंच आहे. घोळ तिकिटाचा आहे. साधं तिकीट, एक्सप्रेस आणि व्हीआयपी असे तीन प्रकार आहेत. भाव तारखेप्रमाणे खालीवर होतात, पण व्हीआयपी माणशी चारशे डॉलरच्या आसपास धरायचं. आम्ही सात जण: आई, बाबा, मी, बायको, भाऊ, वहिनी आणि आठ वर्षांचा पुतण्या. म्हणजे एका दिवसाचे अडीच लाखाच्या घरात. भाऊ म्हणतो, "दादा, आई-बाबा परत कधी येणार? काढून टाकू." आईला आकडा अजून सांगितलेला नाही.

आईचे गुडघे दुखतात. बाबा चालतात, पण उन्हात उभं राहणं जमत नाही. कोणी हे तिकीट काढून गेलंय का? खरंच एवढं वेगळं असतं, की नुसता मोठेपणा?

---

बटाटावडा

अडीच लाखात आमच्याकडे लग्न होतं. कोर्टात होतं, पण होतं.

---

खवचट_काका

रांगेत उभं राहिलेल्या हजार माणसांच्या नाकासमोरून बाजूच्या दाराने आत जायचं आणि त्याला 'अनुभव' म्हणायचं. तुमच्या वडिलांच्या पिढीने रॉकेलसाठी रांगा लावल्या, टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले. त्यांना विचारा, असं आत जायला बरं वाटेल का.

---

सॅनफर्नांडोकर

कृष्णाकाठ, मी या पार्कपासून पंधरा मिनिटांवर राहतो. भारतातून पाहुणे आले की ही ड्युटी माझीच असते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. एक्सप्रेस आणि व्हीआयपी या एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या नाहीत. एक्सप्रेस म्हणजे निव्वळ रांग टाळणं. प्रत्येक राइडला एकदाच छोट्या रांगेतून जाता येतं. व्हीआयपीत ते येतंच, पण त्याचा गाभा वेगळा आहे. डझनभर लोकांचा गट, सोबत एक गाइड, आणि स्टुडिओच्या मागच्या भागात, म्हणजे जिथे खरोखर चित्रीकरण होतं तिथे, गाडीतून उतरून पायी फिरायला मिळतं.

साध्या तिकिटातही स्टुडिओ टूर असते. ट्रॅममध्ये बसायचं, तासभर ती फिरवून आणते. पूर येतो, भूकंपात भुयारी रेल्वेचं स्टेशन कोसळतं, पाण्यातून शार्क उसळतो, कोसळलेल्या बोईंग ७४७ चा सेट दिसतो, हिचकॉकच्या 'सायको' सिनेमातलं टेकडीवरचं घरही दिसतं. पण ट्रॅममधून कुठेही उतरता येत नाही. बाबांसारखा माणूस खिडकीतून मान वळवेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते.

व्हीआयपीवाल्यांची गाडी छोटी असते. न्यूयॉर्कच्या रस्त्यांचा सेट, युरोपातल्या गावाचा सेट, घड्याळाच्या मनोऱ्याचा चौक यांपैकी जिथे त्या दिवशी काम चालू नसेल तिथे उतरवतात. दारं खोटी आहेत, मागे नुसते खांब आहेत, हे हात लावून बघता येतं. साउंड स्टेज रिकामा असेल तर आत नेतात. सामानाचं गोदाम दाखवतात. तिथे झुंबरं, टाइपरायटर, सिंहासनं, हॉस्पिटलच्या खाटा असं काय वाट्टेल ते मांडून ठेवलेलं असतं आणि सगळ्याला भाड्याच्या चिठ्ठ्या. माझे सासरे तिथून बाहेर यायला तयार नव्हते.

सकाळचा नाश्ता, दुपारचं बुफे जेवण, पार्कचा प्रवेश आणि गाडी लावून द्यायला माणूस, हे सगळं त्याच पैशात. टूर संपली की उरलेला दिवस राइड्सवर हवं तितक्यांदा एक्सप्रेसने जा.

पण तुमच्या आईंसाठी हे तिकीट मला योग्य वाटत नाही. चालणं बरंच आहे. शिवाय पार्कच टेकडीवर आहे, वरचा आणि खालचा असे दोन भाग, मध्ये लांबच लांब सरकते जिने. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर भाड्याने मिळते, तिच्यासाठी खाली-वर करायची वेगळी सोय आहे, ती घ्याच. संकोच करू नका. इथे कोणी वळूनही बघत नाही.

---

मधुमालती

खवचट काका, तुम्ही तिरुपतीला तीनशे रुपयांचं दर्शन घेतलंय की नाही ते आधी सांगा.

---

खवचट_काका

घेतलं नाही. धर्मदर्शनाच्या रांगेत बसलो होतो, त्या हॉलमध्ये डुलकीही काढली.

---

मधुमालती

आमच्याकडे तर घरात दोन पक्ष आहेत. यजमान त्र्यंबकेश्वरला दोनशे रुपयांची पावती फाडणारे, आणि सासूबाई "विकत घेतलेलं दर्शन देवाला पोचत नाही" म्हणणाऱ्या. मग होतं काय, हे बाहेर येऊन चहा पिऊन, पेपर वाचून संपवतात, तरी सासूबाई आतच. त्या बाहेर आल्या की दोघंही समाधानी! लालबागला तर चरणस्पर्शाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी आणि नटनट्यांना रांगच नाही. आपल्याला बाजूचं दार काही नवीन नाही.

---

पंढरीचा_पाहुणा

पंढरपुरात आषाढीला दर्शनबारीत रात्र काढून बघा. त्या रांगेत ज्या ओळखी होतात, जे अभंग होतात, ते आत पायावर डोकं ठेवायला मिळणाऱ्या दोन सेकंदांपेक्षा मोठे असतात. रांग हीच वारी आहे. पैसे भरून ती टाळणारा काय टाळतोय हे त्याला कळत नाही.

---

बटाटावडा

मान्य. पण युनिव्हर्सलच्या रांगेत अभंग कोण म्हणणार? तिथे पुढचा माणूस फोनवर आणि मागचं पोर तुमच्या पाठीवर आइस्क्रीम पुसतंय.

---

शून्यप्रहर

रांगेच्या नीतीवर बरंच झालं, जरा गणितावर येऊ. मी कारखान्यात उत्पादन नियोजनात आहे, त्यामुळे रांग दिसली की हात शिवशिवतात.

राइडची क्षमता ठरलेली असते. समजा एका रोलरकोस्टरच्या गाडीत ३२ जागा आहेत आणि दर ९० सेकंदांना गाडी सुटते. तासाला ४० गाड्या, म्हणजे १२८० माणसं. तुम्ही पाससाठी कितीही पैसे भरा, १२८१ वा माणूस बसत नाही. पास क्षमता वाढवत नाही. कोण आधी जाणार एवढंच तो ठरवतो.

आता साध्या रांगेत तुमच्या पुढे ६०० माणसं आहेत. सगळ्या जागा याच रांगेला मिळाल्या तर २८ मिनिटांत तुमचा नंबर. पण गर्दीच्या दिवशी पासवाले खूप आले आणि दर चार जागांपैकी तीन त्यांना दिल्या, तर साध्या रांगेला तासाला ३२० जागा उरतात. तेच ६०० लोक, तीच रांग, पण आता जवळजवळ १ तास ५२ मिनिटं. लांबी बघून कोणाला कळतही नाही की काय झालं.

गंमत पुढे आहे. साधी रांग जितकी रखडते तितका पास मोलाचा वाटतो, आणि जितके पास खपतात तितकी ती अजून रखडते. म्हणून शहाणे पार्कवाले पासची संख्या रोज बांधून ठेवतात. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. सगळ्यांना मिळायचा, वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला यायचं. २०२१ च्या ऑक्टोबरपासून फ्लोरिडात त्या जागी पैसे भरायची पद्धत आली. तंत्र तेच, फक्त चिठ्ठीला किंमत लागली.

त्यामुळे काकांचा मुद्दा नुसता भावनिक नाही, आकड्यांचाही आहे. पासवाल्याची वाचलेली मिनिटं हवेतून येत नाहीत. दुसऱ्याच्या रांगेतून येतात.

---

खवचट_काका

घ्या! माझ्या बाजूने गणित उभं राहिलेलं शाळेनंतर पहिल्यांदाच बघतोय.

---

जुनी_पाटी

शून्यप्रहर, छान मांडलंत. थोडं मागचं सांगते. पैशांप्रमाणे राइड ही कल्पना नवीन नाहीच. डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं तेव्हा एकदा आत गेलं की सगळं फुकट असा प्रकारच नव्हता. कूपनांची पुस्तिका मिळायची. ए कूपन सगळ्यात साध्या राइडचं, आणि १९५९ पासून ई कूपन सगळ्यात भारीचं. ई कूपनं आधी संपायची, त्यामुळे घरोघरी ड्रॉवरमध्ये वापरायची राहून गेलेली ए कूपनं पडून असत. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली.

म्हणजे तेव्हा राइड विकत घ्यायची आणि रांग सगळ्यांना सारखी. आता राइड सगळ्यांना सारखी आणि रांग विकत. तुम्हीच ठरवा यातलं काय बरं.

---

गोराईची_फेरी

आम्ही एस्सेलवर्ल्ड पिढी. मार्व्याहून बोटीत बसलं की उत्साहाने पोटात गोळा. १९८९ मध्ये सुरू झालं ते, आणि त्याची जाहिरात पाठ नसलेला मुंबईकर तेव्हा नव्हता. शाळेची सहल म्हणजे रांगेत मस्ती, डब्यातला चिवडा, आणि बाई ओरडताहेत. व्हीआयपी वगैरे कोणी ऐकलंही नव्हतं. कोणाचे वडील काही असोत, रांग एकच. आता बंद झालंय ते. मुलांना इमॅजिकाला नेतो, तिथेही एक्सप्रेस आहे. बेंगळुरूच्या वंडरलामध्येही फास्टट्रॅक. मुलं विचारतात, "बाबा, आपण त्या लायनीतून का नाही?" याचं उत्तर द्यायचं कसं?

---

बटाटावडा

"कारण तुझा बाबा मराठी फोरमवर वेळ घालवतो."

---

संपादक_मंडळ

देवदर्शनाच्या रांगा हा विषय चांगला आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ प्रश्नाला धरून लिहावं ही विनंती.

---

पंढरीचा_पाहुणा

संपादकांना व्हीआयपी प्रतिसाद देण्याची मुभा आहे वाटतं, डायरेक्ट मध्येच घुसले.

---

रीळवेडा

कृष्णाकाठ, तुमच्या बाबांसाठी हा प्रतिसाद. बाकीच्यांनी स्क्रोल करून पुढे जावं.

या जागेची गंमत अशी की पाहुण्यांना स्टुडिओ दाखवणं ही तिथली अगदी पहिली कल्पना आहे. युनिव्हर्सलचा संस्थापक कार्ल लेम्ले, त्याने १५ मार्च १९१५ ला युनिव्हर्सल सिटी म्हणजे हा स्टुडिओ उघडला. त्याआधी तिथे कोंबड्यांचे फार्म असलेली जमीन. त्याने पंचवीस सेंट घेऊन लोकांना आत सोडायला सुरुवात केली. बाकांवर बसायचं आणि मूकपटाचं चित्रीकरण बघायचं. मूकपट असल्यामुळे प्रेक्षक टाळ्या वाजवोत, खलनायकाला शिव्या घालोत, काही बिघडत नव्हतं. बोलपट आले आणि हे बंद पडलं, कारण आता शांतता लागायची. पुढे १९६४ च्या जुलैमध्ये ट्रॅमची टूर सुरू झाली आणि तिच्याभोवती हळूहळू पार्क वाढला. बहुतेक ठिकाणी आधी पार्क असतो आणि त्यात सिनेमाची सजावट करतात. इथे स्टुडिओ आधी होता.

म्हणून राइड्ससाठी व्हीआयपी घेणं आणि स्टुडिओसाठी घेणं यात मी फरक करतो. राइडच्या रांगेबद्दल शून्यप्रहर म्हणतात ते पटतं. पण सेटवर पायी फिरायला साधी रांगच नाही. तुम्ही तिथे कोणाच्या पुढे जात नाही.

बाबांना आधी थोडं सांगून ठेवा म्हणजे विरस होणार नाही. न्यूयॉर्कचे रस्ते म्हणून जे दाखवतात ते जुने नाहीत. १ जून २००८ ला तिथे मोठी आग लागली, त्यात ते गेले आणि २०१० मध्ये नव्याने बांधले. १९२५ च्या एका मूकपटासाठी पॅरिसचं ऑपेरागृह ज्याच्या आत उभं केलं होतं तो स्टेज २८ सुद्धा आता नाही, २०१४ मध्ये पाडला. मी गेलो तेव्हा गाइडला त्याबद्दल विचारलं. तो माणूस एकदम खुलला आणि मग बाकी गटाला बाजूला ठेवून आम्ही दोघंच बोलत चाललो. चांगला गाइड मिळणं हा नशिबाचा भाग. तुमच्या बाबांसारख्यांनी प्रश्न विचारले तर बरेच जण ठरलेलं भाषण सोडून मनापासून बोलतात.

आणि सांगलीकर असाल तर जाण्यापूर्वी एक चक्कर पुण्याची करा. प्रभात कोल्हापुरात १९२९ ला स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तो स्टुडिओ म्हणजे आजचं फिल्म इन्स्टिट्यूट. जुना स्टेज बघून मग हॉलीवूडचा बघितला की बाबा दोन्हींची तुलना करत परतीचा अख्खा विमानप्रवास काढतील. शेजारच्या सीटवर कोण बसणार ते आधी ठरवून घ्या.

---

कृष्णाकाठ

रीळवेडा, काय लिहिलंत! बाबांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, "लेम्लेचं मला माहीत होतं, पण कोंबड्यांचं नव्हतं." आता त्यांचा आग्रह वाढलाय. प्रभातचा स्टेज त्यांनी पाहिलाय, पण "परत बघायला हरकत नाही."

सॅनफर्नांडोकर, दोन शंका. बुफेत शाकाहारी मिळेल का? आई अंडंही खात नाही. आणि मे महिन्यात ऊन किती?

---

सॅनफर्नांडोकर

शाकाहारी मिळतं. सॅलड, पास्ता, भाज्या, फळं, गोड पदार्थ. पण कशात काय घातलंय ते विचारून घ्या, तिथला शेफ सांगतो. आईंना पोटभर वाटेल याची खात्री देत नाही. थेपले पिशवीत असू द्या. बाहेरचं जेवण आत नेण्याबद्दल पार्कचे नियम आहेत, ते आधी बघा.

मेमध्ये समुद्राकडे ढग असतात, पण हा भाग डोंगरापलीकडे खोऱ्यात आहे, त्यामुळे दुपारी चांगलं तापतं. टोपी, पाणी, आणि सकाळी लवकर पोचणं. साधं तिकीट काढणाऱ्यांनी गेट उघडताच सगळ्यात आधी खालच्या भागात उतरावं. गर्दी वरच रेंगाळते. निन्टेन्डोचा भाग तिथे खालीच आहे, २०२३ च्या फेब्रुवारीत उघडला, पुतण्या त्यासाठीच जीव टाकेल. एकट्याने बसायची तयारी असेल तर काही राइड्सना सिंगल रायडरची रांग असते, रिकाम्या राहिलेल्या एकेका जागेवर बसवतात. फुकट, आणि बऱ्याचदा झटपट.

---

अनुभवी_पण_गप्प

एक उलटा अनुभव. पार्कचं नाव घेत नाही, देशही सांगत नाही. आम्ही महागडा पास काढला आणि नेमक्या त्या दिवशी ज्या दोन राइड्ससाठी गेलो होतो त्या दुरुस्तीसाठी बंद. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून अटींचा कागद दाखवला, त्यात हे लिहिलेलं होतं. पैसे परत नाहीत. शिवाय दिवस निघाला मंगळवारचा, शाळा चालू. साधी रांग दहा मिनिटांची आणि आमची चार. त्या सहा मिनिटांचा हिशेब बायको अजून विचारते.

सल्ला एवढाच: आधी बंद राइड्सची यादी बघा, आणि गर्दी नसलेल्या दिवशी रांग टाळायचा पास काढू नका.

---

शून्यप्रहर

हा प्रतिसाद फ्रेम करून लावावा. पासची किंमत म्हणजे गर्दीची किंमत. गर्दी नाही तर तुम्ही हवा विकत घेतली.

---

निशिगंधा

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. माझा मुलगा स्वमग्न आहे. गर्दीत, आवाजात, कधी संपणार हे माहीत नसलेल्या रांगेत त्याला उभं करणं म्हणजे त्याच्यावर अत्याचार आहे. डिस्नेमध्ये अशा मुलांसाठी एक सेवा आहे. रांगेत उभं न राहता परत यायची वेळ घ्यायची आणि तोपर्यंत शांत जागी बसायचं. रांग मोडली जात नाही, तेवढाच वेळ आपण दुसरीकडे थांबतो. ती नसती तर माझ्या मुलाने कॅरोसेल फक्त फोटोत पाहिलं असतं.

आणि याचाही लोकांनी बाजार मांडला. २०१३ मध्ये तिकडच्या वर्तमानपत्रांत आलं होतं की श्रीमंत घरं अपंग व्यक्तीला दिवसाच्या भाड्याने सोबत नेतात, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मागच्या दाराने जाता येतं. त्याच वर्षी डिस्नेने नियम बदलले, आणि २०२४ मध्ये अजून कडक केले. आता खरी गरज असलेल्यांनाही व्हिडिओ कॉलवर समजावून सांगावं लागतं.

त्यामुळे "रांग मोडणारे" असं सरसकट म्हटलं की मला टोचतं. कृष्णाकाठ, तुमच्या आईंना गुडघ्यांमुळे काही मदत मिळत असेल तर बिनधास्त मागा.

---

खवचट_काका

निशिगंधाताई, तुमच्या मुलाला ती वेळ मिळालीच पाहिजे, त्यावर माझं एक अक्षरही नाही. तो रांग टाळत नाही, वेगळ्या ठिकाणी थांबतो, हे तुम्हीच स्वच्छ लिहिलंय. माझा राग पैशाच्या दारावर आहे आणि तो तसाच राहील. शून्यप्रहरांच्या गणितातल्या त्या साध्या रांगेत तुमच्यासारख्याच कुणाचं तरी मूल उभं असतं.

मात्र रीळवेडांचा सेटवर पायी फिरायचा मुद्दा मला खोडता येत नाही. प्रयत्न केला. चहा पिऊन परत प्रयत्न केला.

---

निशिगंधा

धन्यवाद काका. राइडच्या दाराबद्दल मीही तुमच्याच बाजूची आहे.

---

हैद्राबादी_पुणेकर

लांब कशाला जाता, आमच्या रामोजीला या. साधं तिकीट काढलं तर गच्च बसमधून फिरवतात, महाग पॅकेजमध्ये एसी गाडी, गाइड आणि बुफे जेवण. विमानतळाचा सेट, रेल्वे स्टेशनचा सेट, सगळं आहे. ऊनही आहे, तेही हॉलीवूडपेक्षा दणदणीत.

---

बटाटावडा

गोरेगावच्या चित्रनगरीलाही न्या. बिबट्या व्हीआयपी पास न बघता भेटतो.

---

गोराईची_फेरी

मला कोणीच उत्तर दिलं नाही. मुलांना काय सांगायचं?

---

मधुमालती

मी सांगते. माझ्या मुलीला मी म्हटलं, "ते जास्त पैसे भरून लवकर जाताहेत. आपण ते पैसे जेवणावर आणि राहण्यावर खर्च करणार." ती म्हणाली, "मग मला दोन आइस्क्रीम." तिथे वाद संपला. खरं सांगितलं की मुलांना कळतं. आपणच उगाच 'आपल्याला परवडत नाही' आणि 'आपण तसले नाही' यांच्यात घुटमळत बसतो.

---

गोराईची_फेरी

दोन आइस्क्रीम. नोंद घेतली आहे.

---

कृष्णाकाठ

मंडळी, तिकिटं काढली. काय ठरलं ते सांगतो.

आईला आकडा सांगितला. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना पाठव. मला त्या गाडीत बसून पूर आणि भूकंप बघायचाय, तेवढं बास." मग व्हीआयपी दोनच, बाबा आणि मी. मी सोबत असावं हा आईचाच हट्ट, कारण बाबा गोदामात हरवले तर शोधायला कोणीतरी हवं. बाकीच्या पाच जणांना साधी तिकिटं. तेही मंगळवारी, 'अनुभवी पण गप्प' यांना स्मरून. आईसाठी व्हीलचेअर घ्यायची हे पक्कं. तिने कुरकुर केली, पण वहिनीने "मग मीच बसते आणि तुम्ही ढकला" म्हटल्यावर गप्प झाली.

एक्सप्रेस कोणालाच नाही. भाऊ थोडा नाराज आहे. त्याला शून्यप्रहरांचा प्रतिसाद पाठवला, तर त्याने उलट उत्तर पाठवलं: "म्हणजे आता आपण १ तास ५२ मिनिटांवाले." सकाळी लवकर उठून खालचा भाग आधी करायचा, असं त्याला वचन दिलंय. आमची टूर संपल्यावर सगळे एकत्र, तेव्हा बाबा पुतण्याला त्या घराबद्दल सांगणार आहेत. पुतण्याला त्या घरात रस नाही हे बाबांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

---

रीळवेडा

मंगळवार म्हणजे कामाचा दिवस, बरं केलंत. चित्रीकरण चालू असेल तर एखादा भाग वगळतील आणि तिथे कॅमेरा बंद ठेवायला सांगतील, पण काम चालू असलेला स्टुडिओ बघण्यात वेगळी मजा आहे. लांबून नुसते दिव्याचे ट्रक आणि केबलची भेंडोळी दिसली तरी बाबा खूश होतील.

---

निशिगंधा

पुतण्या गर्दीत थकला तर ट्रॅमची टूर दुपारी ठेवा. बसून होते, सावली असते. शेवटची ट्रॅम पार्क बंद होण्याच्या बरीच आधी सुटते, तेवढी वेळ विचारून घ्या.

---

सॅनफर्नांडोकर

एक राहिलं. व्हीआयपीत व्हॅले पार्किंग आहे, तेव्हा सगळे एकाच गाडीतून या आणि ती तुमच्या तिकिटावर लावा. सात जणांना भावाची गाडी पुरत नसेल तर बाकीच्यांनी मेट्रोची बी लाइन पकडावी. युनिव्हर्सल सिटी स्टेशनला उतरलं की टेकडीवर न्यायला फुकट शटल असते.

---

कृष्णाकाठ

भावाची गाडी सात सीटची आहे, पुरेल. व्हॅलेवाल्याला टिप द्यायची ना? किती?

---

सॅनफर्नांडोकर

गाडी परत घेताना पाचेक डॉलर द्या. गाइडला वेगळी, मर्जीप्रमाणे. सुटे ठेवा.

---

खवचट_काका

व्हीआयपी तिकीट काढून पाच माणसांचं पार्किंग त्यात बसवणारा गृहस्थ एकाच प्रांतात जन्माला येतो. कृष्णाकाठ, तुमच्यावरचा राग मागे घेतला आहे.